गच्चीवरची रेंज घरात आणताना

आर्वी आणि पुलगावच्या दरम्यान वसलेल्या रोहण्यात मे महिन्यात कुठल्याही घरात गेलं, तरी खिडकीला कूलर लावलेला असतो. पत्र्याची पेटी, तिन्ही बाजूंना पाणी पिऊन जड झालेल्या ताट्या आणि तळाशी भरलेलं पाणी. वर्धा जिल्ह्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा घरातली माणसं, टीव्ही, पोरांचा अभ्यास, सगळं त्या एका खोलीत येऊन बसतं. वाय-फायचा राउटरही तिथेच, बहुतेक वेळा कूलरच्या मागच्या बोर्डावर, कारण प्लग तिथे असतो. मग आतल्या खोलीतून हाक येते, "नेट गेलं काय?"

नेट गेलेलं नसतं. राउटर आणि आतली खोली यांच्या मधे पत्रा आणि पाणी येऊन उभं राहिलेलं असतं. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो आणि पाणी त्या शोषून घेतं. घरगुती वाय-फायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यात फार लवकर विरते. हिवाळ्यात तीच खोली, तोच राउटर आणि तीच भिंत व्यवस्थित चालते, कारण कूलर माळ्यावर गेलेला असतो. घरच्यांना वाटतं, उन्हाने राउटर बिघडला.

गावात डिशवाले भाऊ म्हणून ओळखले जाणारे एक तंत्रज्ञ अशा हाकांना धावून जातात. टीव्हीच्या अल्युमिनियमच्या अँटेना बांबूवर चढवण्यापासून त्यांचं काम सुरू झालं. पुढे डिश आली, आता फायबर आणि वाय-फाय. पिशवीत पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, क्रिंपिंगचा चिमटा, लॅन केबलचं वेटोळं आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं घातलेला एक जुना फोन. कूलरच्या घरात त्यांचं काम फार वेळ घेत नाही. राउटर तिथून काढायचा, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, दरवाजाच्या चौकटीच्याही वर, सहा-सात फुटांवर टांगायचा. काही मीटर तार लागते आणि दोन खिळे. नवीन यंत्र घ्यावं लागत नाही, याचं घरच्यांना आश्चर्य वाटतं. काही वेळा तर थोडी निराशाही होते, कारण पैसे खर्च केल्याशिवाय दुरुस्ती झाली यावर माणसाचा सहज विश्वास बसत नाही.

कुठल्याही घरी गेल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मावशी, फोन लागत नाही, का नेट चालत नाही? अन् नेट सिमचं का वायफायचं?" बहुतेकांकडे याचं उत्तर तयार नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. फोनच्या कपाळावर दोन खुणा शेजारी शेजारी असतात, पण त्यांच्यामागे तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाबाहेरच्या टॉवरपासून फोनपर्यंतची वाट एक. घरातल्या राउटरपासून फोनपर्यंतची वाट दुसरी. आणि राउटरपासून बाहेर जाणारी तार, म्हणजे फायबर, ही तिसरी. यातलं नेमकं काय अडलं आहे हे न पाहता घेतलेली वस्तू हमखास चुकते. टॉवरची लहर घरात पोचत नसताना लोक वाय-फायचा महागडा राउटर घेऊन येतात. फायबर कुठेतरी दबलेली असताना घरात दोन-दोन रिपीटर बसवतात.

म्हणून आधी मोजायचं.

मोजण्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'अबाउट फोन'च्या आत सिम स्टेटस असं पान असतं. तिथे सिग्नल स्ट्रेंग्थपुढे उणे चिन्ह लावून एक आकडा येतो, एकक डीबीएम. ४जीमध्ये उणे ८५ म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे काम भागतं, उणे ११५ म्हणजे फोन कसाबसा धरून आहे. आकडा दहाने खाली गेला की लहरीची शक्ती दहावा हिस्सा उरते, वीसने गेला की शंभरावा. उणे ९५ आणि उणे ११५ हे ऐकायला जवळचे वाटतात, पण दोघांत शंभर पटींचा फरक आहे. फोनवरच्या काड्यांवरून हे कळत नाही. किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. एकाच ओट्यावर ठेवलेल्या दोन फोनांपैकी एक चार काड्या दाखवतो आणि दुसरा दोन.

भाऊ फोन हातात घेऊन घरभर फिरतात. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, जिना, गच्ची. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबायचं, कारण आकडा लगेच बदलत नाही. हे चालू असताना घरातली लहान पोरं मागे मागे फिरतात आणि आकडे मोठ्याने वाचतात. खडूने भिंतीवर आकडे लिहायची त्यांची सवय आहे. काम झालं की घरच्यांना घराचा एक नकाशा मिळतो, आपल्या घरात लहर कुठून शिरते आणि कुठे मरते याचा. बहुतेक घरांत गच्चीवर उणे ९० आणि खाली मधल्या खोलीत उणे ११५, असं काहीतरी निघतं.

भिंत हे त्याचं कारण. रोहण्यात अजून मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींची, कवेलूंची जुनी घरं आहेत. त्यांच्याच बाजूला स्लॅबची नवी घरं आणि टिनाच्या पत्र्यांचे गोठे. मातीची भिंत जाडीमुळे लहर खाते, आणि पावसाळ्यात ओल धरली की आणखी खाते. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. टिनाचा पत्रा तर लहर आरपार जाऊच देत नाही, ती दारा-खिडक्यांतून जेवढी येईल तेवढीच. दिवाळीनंतर कित्येक घरांत चांगल्या दराची वाट पाहत कापूस साठवलेला असतो. एखादी खोली छतापर्यंत पांढरी होते आणि रेंज गेल्याचा ठपका कापसावर येतो. सुका कापूस लहरींना फारसा अडवत नाही. कापसाच्या निमित्ताने बंद केलेली लोखंडी खिडकी मात्र अडवते, ती उघडली की फरक दिसतो.

लहरी-लहरींतही फरक आहे. आपल्याकडे मोबाइल सेवा ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झपासून १८००, २१००, २३०० आणि ५जीसाठी ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या पट्ट्यांत चालते. आकडा जितका लहान, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून बरी शिरते. आकडा मोठा असेल तर वेग जास्त मिळतो, पण पोच कमी. म्हणून एकाच गल्लीत एका कंपनीचं सिम आतल्या खोलीत वाजतं आणि दुसऱ्या कंपनीचं ओसरीतच दम सोडतं. टॉवर दोघांचा एकाच खांबावर असला तरीही. देशात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि त्यानंतर फोन बदललेल्या घरांतून एक नवी तक्रार येऊ लागली, बोलता बोलता नेट थांबतं. गावाच्या कडेला ५जीची लहर क्षीण असते. फोन तिला पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो. अशा घरात भाऊ फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ४जी निवडून देतात. नव्या फोनला जुन्या पिढीवर आणणं लोकांना कमीपणाचं वाटतं, पण संध्याकाळपर्यंत तक्रार मिटलेली असते.

"भाऊ, मले त्याचा आवाज येते, पण त्याले माहा नाई जात," ही तक्रार त्यांनी असंख्य वेळा ऐकली आहे, आणि लोक ती फोनच्या माइकवर ढकलतात. कारण बहुधा वेगळं असतं. टॉवरवरचा रेडिओ वीस-चाळीस वॅटने बोलतो, ४जी फोन जास्तीत जास्त पाव वॅटच्याही आत. शेताच्या एका धुऱ्यावर भोंगा घेतलेला माणूस आणि दुसऱ्या धुऱ्यावर साध्या गळ्याचा, असा तो संवाद आहे. भोंग्याचं ऐकू येतं, उलट उत्तर पोचत नाही. रेंज कमी तितका फोन जीव तोडून ओरडतो, आणि त्यामुळेच अशा घरांत फोन लवकर तापतो आणि बॅटरी दुपारीच संपते. फोन मधल्या खोलीतून खिडकीपाशी आणला, तर चार्जिंगच्या तक्रारीही कमी होतात.

मग गच्चीवरची लहर खाली आणायची कशी? इथे भाऊंच्या धंद्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं ज्ञान कामी येतं.

गच्चीवर अँटेना लावून तिची केबल खालच्या खोलीतल्या राउटरला जोडायची, हा विचार कुणालाही आधी सुचतो. गावात डिशची जुनी केबल भरपूर पडलेली असते, तीच वापरू म्हणतात. पण रेडिओची लहर केबलमधून जाताना विरत जाते. डिशची साधी केबल १८०० मेगाहर्ट्झला दहा मीटरमध्ये जवळपास निम्मी शक्ती खाऊन टाकते, जोडण्यांमध्ये जाते ती वेगळी. डिशला हे चालतं, कारण तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी आकाशातून आलेली लहर आधीच कैक पटींनी वाढवून मग केबलमध्ये सोडतो. मोबाइलच्या अँटेनाला असा मदतनीस नसतो. गच्चीवर कमावलेलं जिन्यात गमावलं जातं.

भाऊ उलटं करतात. सिम घालायचा ४जी राउटरच वर नेतात आणि खाली आणतात ती लॅनची तार. लॅनच्या तारेतून लहर नाही, डेटा जातो, आणि शंभर मीटरपर्यंत तो जसाच्या तसा पोचतो. त्याच तारेतून वरच्या राउटरला वीजही देता येते, म्हणजे गच्चीवर प्लगची गरज नाही. खाली त्या तारेला एखादा जुना राउटर जोडला की घरभर वाय-फाय. गावाच्या एका टोकाला जुन्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाकडे त्यांनी हे केलं, तेव्हा घरातली मुलगी पोलीस भरतीचा अर्ज भरायला रोज संध्याकाळी बसस्टँडवर जाऊन उभी राहत होती. घराच्या आत उणे ११८, माळ्याच्या झरोक्यापाशी उणे ९६. राउटर झरोक्यापाशी बसला, तार कवेलूंखालच्या फाट्याच्या कडेने आली. त्या रात्री अर्ज घरातून भरला गेला.

वरची जागा निवडणं हे नाजूक काम आहे आणि त्यात विदर्भाचा उन्हाळा मोठा वाटेकरी. बंद डब्यातला राउटर मेच्या उन्हात टिकत नाही. त्याला उत्तरेची भिंत द्यावी, छज्ज्याखाली, डबा प्लास्टिकचा, खालून हवा खेळेल असा. पाण्याच्या टाकीची सावली चालते, पण टॉवर आणि राउटर यांच्या मधे टाकी आली तर सगळं पाण्यात. आणि विजेचा विचार आधी करायचा. जून लागला की या भागात वीज कोसळून माणसं आणि जनावरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. उंच लोखंडी पाइपावर काही चढवलं तर त्याला अर्थिंग हवंच, आणि ढग गडगडू लागले की प्लग आणि तार दोन्ही काढून ठेवायची. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. भाऊ काम संपल्यावर ते ॲप घरच्यांच्या फोनमध्ये टाकूनच निघतात. ही सवय त्यांच्या बिलात नसते, पण ती सगळ्यांत मोलाची आहे.

पावसाने रेंज जाते, असं सगळे म्हणतात. डिशच्या बाबतीत ते खरंच आहे. डिशची लहर अकरा-बारा गिगाहर्ट्झची, जोराच्या सरीत ती तुटते. मोबाइलच्या लहरींना पाऊस स्वतः फारसं काही करत नाही. भिजलेली पानं, ओली भिंत आणि टॉवरची गेलेली वीज, हे तिघं करतात.

घरात वाय-फाय आहे पण सिमची रेंज नाही, अशा घरासाठी एक सोय फोनमध्येच पडून असते. वाय-फाय कॉलिंग. आपल्याकडे एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ती सुरू केली. सेटिंगमधलं एक बटण दाबलं की नेहमीच्या नंबरचा नेहमीचा कॉल टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून जातो, वेगळं ॲप नको, वेगळे पैसे नकोत. बऱ्याच फोनांवर ओटीपीचा संदेशही त्याच वाटेने येतो. आता ओटीपी ही गावातल्या बायकांच्या रोजच्या जगण्यातली वस्तू झाली आहे. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी यावा लागे, तोही आधी बाईच्या आणि मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या. त्याच हंगामात सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली, तिथेही मोबाइल नंबर आणि ओटीपी. काही मिनिटांत मेलेला आकडा पुन्हा मागवायचा, पुन्हा गच्चीवर पळायचं. त्या दिवसांत भाऊंनी कितीतरी घरांत फक्त ते एक बटण चालू करून दिलं. सरकारी हक्क आणि माणूस यांच्या मधे घराची एक भिंत उभी राहते, आणि ही भिंत पाडण्याचा खर्च शून्य असतो, हे लोकांना कुणीतरी सांगायला हवं होतं. सेवा देणाऱ्यांनी ते पुरेसं सांगितलं नाही.

याउलट ज्याची जाहिरात आपोआप डोळ्यांसमोर येते तो म्हणजे मोबाइल बूस्टर. एक डबा, एक बाहेरची अँटेना, एक आतली. ऑनलाइन मागवला की चार दिवसांत दारात. भाऊ तो बसवत नाहीत, कितीही पैसे देऊ केले तरी. पहिलं कारण कायद्याचं. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कुणीही मोबाइल सिग्नलचा बूस्टर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदा आहे, असं दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं. दुसरं कारण शेजाऱ्यांचं. स्वस्त बूस्टरची आतली अँटेना आणि बाहेरची अँटेना एकमेकींचं ऐकू लागल्या की डबा स्वतःचाच आवाज वाढवत बसतो आणि तो गोंगाट टॉवरच्या कानात जातो. टॉवरला मग दूरच्या क्षीण फोनांचं बोलणं ऐकू येईनासं होतं. बाजारपेठेतल्या एका दुकानावर असा डबा चढला, तेव्हा दुकानात रेंज फुल झाली आणि मागच्या आळीत कॉल तुटू लागले. कुणालाच दोन्हींचा संबंध लागेना. भाऊंनी दुकानदाराला समोर बसवून डबा बंद करून दाखवला, मग मागच्या आळीतून फोन लावून दाखवला. त्याने तो स्वतःच उतरवला. हा सगळा प्रकार भांडणाशिवाय मिटला याचं श्रेय भाऊंच्या शांतपणाला आहे. गावात राहून धंदा करायचा तर तो लागतोच.

वाय-फायचा रिपीटर हे वेगळं प्रकरण. तो कायदेशीर आहे, पण चुकीच्या जागी बसतो. लोक तो जिथे नेट येत नाही तिथेच लावतात. जिथे लहर पोचतच नाही तिथे तो पुढे काय पाठवणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओने घेतो आणि देतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. शक्य असेल तिथे तार टाकून दुसरा राउटर लावणं केव्हाही बरं. घर दोन मजली झालं, तर तारेला पर्याय नाही.

गावाबाहेर हे सगळं आणखी निकराचं होतं, कारण तिथे प्रश्न पाण्याचा असतो. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून अनेकांनी पंपाला मोबाइल स्टार्टर लावले आहेत. त्यात सिम असतं, घरून फोन केला की मोटर सुरू, दुसरा फोन केला की बंद. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या वाटेने शेतात जावं लागत नाही, ही लहान गोष्ट नाही. पण हे स्टार्टर नेमके लोखंडी पेटीत बसवलेले असतात, फ्यूज आणि मीटरच्या शेजारी, पेटीला कडी आणि कुलूप. अँटेनाची बोटभर काडी त्या पेटीच्या आतच. "घरून लावलं त उचलतच नाई," अशी तक्रार आली की भाऊ अर्धा इंचाचं भोक पाडतात, रबरी बूच बसवतात आणि चुंबकाच्या बुडाची अँटेना पेटीच्या टपावर काढून ठेवतात. पत्र्याच्या आतली आणि बाहेरची रेंज यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुसरी अडचण सिमची. जुने स्टार्टर २जीवर चालतात आणि जिओकडे २जी जाळं नाही, ते सुरुवातीपासूनच ४जीवर आहे. घरात जिओचं सिम जादा पडलं आहे म्हणून ते स्टार्टरमध्ये घातलं की यंत्र मुकं होतं. त्यात यंत्राचा दोष काढून नवं घेणारेही भेटतात. सिम बदललं की तेच यंत्र पुन्हा बोलू लागतं.

ई-पीक पाहणीचंही असंच. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाचा फोटो शेतात उभं राहून ॲपवर टाकायचा असतो. बांधावर रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठून राहते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. हे ठाऊक नसल्याने माणसं हात उंच करून धुऱ्यावर उभी राहतात, किंवा नोंदच सोडून देतात आणि मग विम्याच्या, नुकसानभरपाईच्या वेळी अडतात.

फायबर आल्यावर प्रश्न सुटेल, असं वाटत होतं. बराचसा सुटलाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं, आणि तिथून पुढे घराघरांत जोडण्या गेल्या. पण गावात फायबर विजेच्या खांबांवरून जाते, आणि विदर्भातल्या गावात वानरांच्या टोळ्या असतात. तार त्यांच्या वाटेत येते, मग झोके, ओढाताण. कुटाराने काठोकाठ भरलेली ट्रॉली गल्लीतून गेली की लोंबणारी तार सोबत घेऊन जाते. राउटरशेजारच्या फायबरच्या पेटीवर लाल दिवा लागला की भाऊंना कळतं, दोष घरात नाही, रस्त्यावर आहे. काचेच्या त्या बारीक धाग्याला खिळ्याशी काटकोनात वळवलं तरी प्रकाश गळतो. त्यामुळे तार घरात आणताना ते तिला वाटीएवढ्या गोलाईने वळवतात, कमी नाही. वीज गेली तरी नेट राहावं म्हणून राउटर आणि ती पेटी या दोघांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस देतात. भारनियमनाच्या गावात याहून उपयोगी वस्तू क्वचितच असेल.

रोहण्याची जमीन सपाट, काळी, दूरवर नजर जाणारी. त्या मानाने इथलं सोपं आहे. वर आष्टी-कारंजाकडे टेकड्या सुरू होतात आणि टॉवरची सरळ वाट तुटते. त्याहीपुढे मेळघाटात काय स्थिती असेल, याची कल्पना करता येते. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून देशभर गाजलं. तिथे मायक्रोसॉफ्टच्या साह्याने टीव्हीच्या न वापरलेल्या पट्ट्यांतून इंटरनेट पोचवण्याचा प्रयत्न झाला, कारण त्या लहरी जंगल आणि चढ-उतार बऱ्या पार करतात. करोनाच्या २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या दारिस्ते गावच्या एका विद्यार्थिनीने पशुवैद्यकीच्या ऑनलाइन वर्गांसाठी डोंगरावर खोपट बांधून घेतलं, पावसात ती तिथेच अभ्यासाला बसे. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण शिकण्यासाठी मुलीला डोंगर चढावा लागला, याचा जाब कुणाला विचारायचा, हे त्या बातम्यांत फारसं नव्हतं.

घरातल्या माणसाच्या हातात जे आहे ते मर्यादित आहे. गच्चीवरच उणे ११८ असेल तर राउटर वर नेऊनही काही उपयोग नाही. अशी घरं गावाच्या कडेच्या वस्त्यांवर आणि शेतातल्या कोठ्यांवर आहेत. तिथे भाऊ पैसे घेत नाहीत आणि सरळ सांगतात, "इथं माह्या हातचं काई नाई, टावरच पायजे." केंद्राने जुलै २०२२ मध्ये रेंज नसलेल्या २४,६८० गावांपर्यंत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी सुरू झालं, सुमारे ९७,५०० टॉवर घेऊन. योजना कागदावर गावं मोजते. नकाशावर गावाला रेंज आहे अशी नोंद असते, आणि गावाच्याच एका वस्तीला ती नसते. या वस्त्यांची नोंद दुसरं कुणी करणार नाही, ती वस्तीवरच्यांनीच करायला हवी.

ती कशी करायची, हे भाऊ आता लोकांना शिकवतात. कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर सेवेचे नकाशे टाकणं दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झालं आहे. आपली वस्ती त्या नकाशावर रंगवलेली दिसते का, ते आधी पाहायचं. जवळचा टॉवर कुठे आहे, हे दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर सापडतं. टॉवरच्या किरणोत्सर्गाची भीती वाटणाऱ्यांनाही ते तेच पोर्टल दाखवतात, कारण आपल्याकडची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे आणि टॉवरने ती पाळली की नाही याची माहिती तिथे मिळते. मग तक्रार. १९८ वर फोन केला की तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो, तो वहीत लिहून ठेवायचा. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तो नंबर देऊन जायचं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र टाकून उपयोग नसतो.

अर्जासोबत आकडे जोडायचे, यावर ते अडून बसतात. नुसतं 'रेंज येत नाही' असं लिहिलेल्या अर्जाला 'तपासणी केली, सेवा सुरळीत आहे' असं उत्तर येतं. म्हणून वस्तीतल्या चार-पाच घरांच्या अंगणात, गच्चीवर, शाळेच्या दारात उभं राहून डीबीएमचे आकडे टिपायचे, कंपनीचं नाव आणि तारीख लिहायची. तेही दोन वेळा, पहाटे आणि रात्री नऊच्या सुमारास. पहाटेही आकडा उणे ११५ च्या खाली असेल तर लहरच पोचत नाही, तिथे नवा टॉवर किंवा अँटेनाची दिशा बदलणं मागायचं. पहाटे नेट पळतं, रात्री नऊला काड्या भरलेल्या असूनही व्हिडिओ फिरत राहतो, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथे नवा टॉवर मागून उपयोग नाही, आहे त्याच टॉवरची क्षमता वाढवून मागायची. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घातल्या की कंपनी सोपी असेल तेवढी वाचते, म्हणून ते वेगवेगळे अर्ज करायला लावतात.